वाचा गेली म्हणजे समज गेली नाही



संगीतोपचार म्हटलं की वाटतं, हे पैसेवाल्यांचं काम. पण मी बोलणार आहे ती अर्धांगवायूनंतर वाचा अडलेल्या बाईबद्दल. अशी बाई आपल्या वस्तीत असतेच.

मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला की अनेकदा उजवा हात-पाय जातो आणि बोलणंही. याला वाचाघात म्हणतात. पुष्कळदा समज बरीचशी शाबूत असते, शब्द तेवढा ओठांवर येत नाही. मात्र हीच बाई आरती, पाळणा, जात्यावरची ओवी शब्दांसकट म्हणू शकते. मग घरचे म्हणतात, ‘गाता येतंय, म्हणजे न बोलण्याचं सोंग आहे.’ सोंग नाही. गाण्यात मेंदूची उजवी बाजूही मोठा भाग उचलते.

याच धाग्यावर १९७३ साली बॉस्टनमध्ये अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी एक पद्धत मांडली. ‘पाणी दे’सारखं रोजचं वाक्य दोनच सुरांत, संथपणे म्हणायचं, अक्षरागणिक डाव्या हाताने ठेका धरायचा. आधी बरोबरीने, मग तिने एकटीने, पुढे सूर कमी करत साधं बोलणं. गुण सुराचा की ठेक्याचा, यावर तज्ज्ञांत वाद आहे. नुसती भजनं लावून वाचा परत येत नाही, मेहनत रोजची लागते. ती करणार कोण? पुरुष पडला तर बायको, बाई पडली तर सून. मुलग्यांनाही ठेका धरता येतो की!

आता खरा मुद्दा. आमच्या गटाकडे आलेल्या एका विधवा बाईचा अंगठा दिराने शेताच्या कागदावर घेतला. ‘हिला काय कळतंय?’ तिला सगळं कळत होतं. आम्ही फेरफाराला हरकत घेतली. वाचोपचार करणाऱ्या ताईंनी दाखवलं तसं तिच्या लेकीने रोज सरावाला घेतलं. पहिलं वाक्य ‘पाणी दे’ नव्हतं, ‘दिलं नाही’ होतं. तिनंच ते बोटाने शेताकडे दाखवून निवडलं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघातामुळे आलेलं कायमचं अपंगत्व धरलेलं आहे. मालमत्तेचा, स्वतःचे व्यवहार स्वतः पाहण्याचा हक्क त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात आहे. अर्जात तो लिहा. सुनावणीला कागद-पेन, हो-नाहीच्या खुणा, वेळ मागून घ्या.

आमच्या बाईची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. ठेका धरायला लेक शेजारी बसणार आहे.