धडा फाटकाबाहेर पुरा होतो



महानगरपालिकेच्या शाळेत तळमजल्यावरच्या दोन-तीन खोल्या कधी कधी वेगळ्या दिसतात. बाकं कमी, सतरंज्या जास्त. भिंतीवर चित्रांचा तक्ता: प्रार्थना, हात धुणं, डबा, खेळ, घरी जाणं. पुढं काय होणार हे आधी कळलं की मूल घाबरत नाही, म्हणून तो तक्ता. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांची ही विशेष शाळा. मुंबई महानगरपालिका अशा शाळा चालवते. नवी मुंबई महानगरपालिकेनं वाशीला ई.टी.सी. केंद्र उभारलं आहे. तिथं शिक्षण, प्रशिक्षण आणि उपचार एकाच ठिकाणी मिळतात.

या शाळांत शिकवतात तरी काय, असं पुष्कळ लोक विचारतात. सदरा घालण्याचंच पाहा. आपल्याला ते एक काम वाटतं. विशेष शिक्षिका त्याचे आठ-दहा टप्पे पाडतात. पहिले सगळे टप्पे त्या स्वतः करून देतात आणि शेवटचं बटण तेवढं मुलाकडून लावून घेतात. काम पुरं केल्याचा आनंद मुलाला पहिल्याच दिवशी मिळतो. ते बटण जमलं की शेवटची दोन, मग तीन. असं मागून पुढे येत येत एक दिवस मूल आपला आपण सदरा घालतं. याला काही महिने लागतात, कधी वर्षही लागतं. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक आराखडा असतो. गट पाडताना वयाबरोबर मुलाला काय जमतं हेही पाहतात. प्रगती मोजायची ती शेजारच्या मुलाशी तुलना करून नव्हे, त्याच मुलाला गेल्या सत्रात काय जमत होतं ते पाहून.

अशाच मुलांसाठीची मुंबईतली जय वकील शाळा 1944 साली सुरू झाली, ती एका दांपत्यानं आपल्या लेकीसाठी काढलेली शाळा होती. त्या काळी अशा मुलीला शिकवायचं तर आईबापांनाच शाळा काढावी लागली. आज कायदा पाठीशी आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची सर्वसाधारण शाळा निवडायची की विशेष शाळा, हेही कुटुंबानं ठरवायचं. पालिकेची शाळा म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. ती त्या मुलाच्या हक्काची जागा आहे.

पण शाळेला एक गोष्ट एकटीनं करता येत नाही. वर्गात खोट्या नोटा, रिकामे खोके मांडून दुकान-दुकान शिकवतात. मुलगी दहाची नोट ओळखते, वस्तू मागते, सुटे पैसे परत घेते. खरा धडा मात्र गल्लीतल्या वाण्याकडे होतो. तिथं मागचं गिऱ्हाईक "चला, आटपा" म्हणालं आणि आईनं लाजून स्वतःच पैसे पुढे केले, की महिन्यांची मेहनत वाया जाते. दुकानदारानं दोन मिनिटं थांबून "बोल बेटा, काय देऊ?" असं तिलाच विचारलं, तर तो धडा पुरा होतो. रिक्षावाले, बसचे वाहक, सोसायटीतले शेजारी, आपण सगळेच या मुलांच्या शिक्षणातले भागीदार आहोत.

घरच्यांनाही एक सांगणं आहे. माया म्हणून भरवू नका, घास मुलाला स्वतः घेऊ द्या. सांडलं तर सांडू द्या. कारण अठराव्या वर्षी हा कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क संपतो, आयुष्य पुढे उरतं. तेव्हा कामी येतं ते हेच: आपलं आपण जेवणं, न्हाणं, रस्ता ओलांडणं, पणत्या रंगवून किंवा कागदी पिशव्या करून चार पैसे मिळवणं.

आणि तुमच्या ओळखीत असं एखादं मूल अजून घरीच बसलेलं असेल, तर "मोठं झाल्यावर बघू" म्हणत वर्षं जाऊ देऊ नका. लहान वयात सुरुवात झाली की पुष्कळ जमतं. दिव्यांगत्वाचा दाखला कसा काढायचा, याची माहिती जिल्हा शासकीय रुग्णालयात मिळते. जवळच्या विशेष शाळेची चौकशी पालिकेच्या शिक्षण विभागात करता येते. त्या आईबाबांना एवढं सांगा, आणि पहिल्या दिवशी शक्य असेल तर त्यांच्याबरोबर शाळेत जा.