पाळणाघरांची सुरक्षितता: परवाना, तपासणी आणि श्रमिक स्त्रियांचा हक्क

(जबलपूर येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पाळणाघराची मागणी कामगार संघटनांच्या मागणीपत्रकात बहुधा अखेरच्या पानावर असते. पगारवाढ, महागाई भत्ता, बोनस, कंत्राटी कामगारांना कायम करणे यांवर वाटाघाटी रंगतात. पाळणाघराचा मुद्दा आला की मालक ‘पुढे पाहू’ म्हणतो आणि शिष्टमंडळ चहा घेऊन उठते. त्यामुळे कायद्याच्या पुस्तकात अनेक दशके असलेला हा हक्क प्रत्यक्षात फार थोड्या स्त्रियांच्या वाट्याला आला आहे. ज्या पाळणाघरांत आज मुले ठेवली जातात ती सुरक्षित आहेत काय, ती कोण तपासतो, आणि तपासणाऱ्याला कोण जाब विचारतो, हे प्रश्न तर त्याहूनही कमी विचारले जातात.

तपासणी म्हणजे काय आणि तिच्या अभावी काय होते, हे जबलपूरला निराळे सांगावयास नको. १ ऑगस्ट २०२२ रोजी या शहरातील एका खाजगी रुग्णालयाला आग लागली आणि ८ माणसे मृत्युमुखी पडली. आगीबाबतच्या ना-हरकत दाखल्याची मुदत संपलेली होती आणि बाहेर पडण्यास दुसरा मार्ग नव्हता. त्यानंतर तपासण्यांची धावपळ झाली आणि काही परवाने रद्द झाले. ही तपासणी आधी झाली असती तर ती आठ माणसे वाचली असती, एवढा साधा हा हिशेब आहे.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत हा हिशेब अधिकच क्रूर होतो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बालके दगावली. २५ मे २०२४ रोजी दिल्लीच्या विवेक विहारमधील एका खाजगी शिशू रुग्णालयात ७ नवजात बालकांचा बळी गेला. तेथील परवान्याची मुदत ३१ मार्चलाच संपली होती, आणि तो होता ५ खाटांचा. आगीच्या वेळी आत १२ बालके होती. ही पाळणाघरे नव्हती, रुग्णालये होती, हे खरे. परंतु पाळणाघराला लागू पडणारा धडा तोच आहे. मोठा माणूस धूर दिसताच धावतो. तान्हे मूल धावू शकत नाही; त्याला कोणीतरी उचलूनच बाहेर न्यावे लागते. म्हणून मुलांच्या जागेत दार किती रुंद आहे, ते बाहेरून कडी घातलेले आहे काय, किती मुलांमागे किती बाया आहेत, हे प्रश्न जीवनमरणाचे असतात.

पाळणाघरातच घडलेली या जातीची भीषण घटना मेक्सिकोची आहे. ५ जून २००९ रोजी एर्मोसियो शहरातील एका पाळणाघराला आग लागून ४९ मुले मरण पावली. ते पाळणाघर सामाजिक विमा संस्थेचे होते, पण चालविण्यासाठी खाजगी मंडळींकडे सोपविलेले होते. जागा मूळची गोदामाची होती आणि आग शेजारच्या सरकारी गोदामातून पसरली. संकटकाळी उघडावयाचे दार उघडलेच नाही. कामगारांच्या विम्याच्या पैशावर उभी असलेली व्यवस्था कंत्राटावर दिली की जबाबदारी कोणाचीच उरत नाही, हे त्या ४९ मुलांच्या मृत्यूने दाखवून दिले. मेक्सिकोत मुलांच्या संगोपनगृहांसाठी स्वतंत्र कायदा झाला तो २०११ मध्ये. पालकांनी रस्त्यावर येऊन तो करावयास लावला.

कायदा कसा आला

आपल्या देशातही ही तरतूद मालकांच्या कनवाळूपणातून आलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन निजवीत असत, कारण मूल ठेवण्यास जागा नव्हती आणि साचा सोडता येत नव्हता. स्त्रियांच्या या हालांची आणि वाढत्या कामगार चळवळीची दखल घेणे सरकारला भाग पडले. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात आणि १९३० मध्ये मध्यप्रांतात, म्हणजे जबलपूर व नागपूर या दोन्ही शहरांना लागू होणारा, प्रसूती लाभ कायदा झाला. १९३४ च्या कारखाना कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याच्या ४८ व्या कलमाने पाळणाघर सक्तीचे केले, आणि १९७६ च्या दुरुस्तीने ५० ची मर्यादा ३० वर आणली. खोली उजेडाची, हवेशीर व स्वच्छ हवी आणि तिची देखरेख बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीकडे हवी, असे ते कलम सांगत होते.

कायदा चांगला होता. परंतु त्यात एक फट होती, आणि भांडवलदार वर्गाने तीच हेरली. हक्क आईचा किंवा मुलाचा न ठरता, एका छताखाली किती स्त्रिया मोजल्या जातात यावर अवलंबून राहिला. मग मालकाला दोनच गोष्टी करावयाच्या उरल्या: हजेरीपटावर ३० चा आकडा कधी ओलांडू द्यावयाचा नाही, किंवा छतच नाहीसे करावयाचे.

बिडीचा धडा

छत नाहीसे करण्याची कला जबलपूर, दमोह, सागर या पट्ट्यात आणि इकडे गोंदिया-भंडाऱ्यात बिडी कारखानदारांनी पूर्णत्वाला नेली. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने बिडी वळण्याच्या जागेला परवाना आवश्यक केला आणि १४ व्या कलमाने अशा जागेत पाळणाघराची तरतूद केली. कारखानदार न्यायालयात गेले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. न्यायालयात हरलेला मालक बाजारात मात्र जिंकला. त्याने मोठे कारखाने मोडीत काढले आणि तंबाखू व तेंदूपान सट्टेदारामार्फत घरोघर वाटावयास सुरुवात केली. जागाच नाही, तर परवाना कशाचा? परवाना नाही, तर निरीक्षक जाणार कोठे? आणि पाळणाघर तरी कोणासाठी?

परिणाम आजही दिसतो. बिडी वळणारी बाई सूप मांडीवर घेऊन बसते आणि मूल तिच्या शेजारी तंबाखूच्या धुळीत खेळते. तिचे घर हाच कारखाना झाला आहे. फक्त त्या कारखान्याचे भाडे, दिवा आणि मुलाच्या खोकल्याचे औषध तिच्या खर्चाने होते. बिडीवरील उपकरातून बिडी कामगारांचा कल्याण निधी उभा राहत असे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या निमित्ताने तो उपकरही रद्द करण्यात आला. वस्तीतील पाळणाघरासाठी ज्या पैशावर बोट ठेवता आले असते, तो झराच आटविला गेला.

परवान्यावाचून चालणारा धंदा

शहरांतील मध्यमवर्गीय व कनिष्ठ मध्यमवर्गीय नोकरदार स्त्रियांची अडचण वेगळ्या रूपाने पुढे येते. एकत्र कुटुंब मोडले, नोकरीचे तास वाढले, आणि गल्लोगल्ली खाजगी पाळणाघरे निघाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे अशाच एका पाळणाघरात १० महिन्यांच्या बालिकेला झालेली मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली आणि महाराष्ट्र हादरला. तेव्हा लोकांना कळले की खानावळीला परवाना लागतो, पिठाच्या गिरणीला लागतो, परंतु लोकांची तान्ही मुले दिवसभर सांभाळण्याच्या धंद्यासाठी देशव्यापी असा परवाना कायदा नाही. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीनंतर केंद्र सरकारने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. परंतु मार्गदर्शन हे मार्गदर्शनच असते. ते मोडल्याबद्दल कोणाला शिक्षा होत नाही.

निरीक्षकाची हकालपट्टी

जेथे कायदा आहे तेथे तपासणी कमकुवत करण्याचे धोरण गेली अनेक वर्षे चालू आहे. कारखाना तपासणीसंबंधीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९४७ चा ८१ वा ठराव भारताने १९४९ मध्ये मान्य केला. त्याप्रमाणे निरीक्षकाला दिवसा-रात्री केव्हाही, पूर्वसूचना न देता आत जाण्याचा अधिकार असला पाहिजे. १९९१ नंतर मात्र ‘इन्स्पेक्टर राज’ हा शिवीसारखा शब्द झाला. ऑक्टोबर २०१४ पासून केंद्राच्या अखत्यारीत तपासणी कोठे करावयाची हे संगणक ठरवू लागला. मे २०२० मध्ये, महामारीच्या टाळेबंदीत कामगार रस्त्यावर पायपीट करीत असताना, मध्यप्रदेश सरकारने नव्या कारखान्यांना औद्योगिक विवाद कायद्याच्या बहुसंख्य तरतुदींतून १००० दिवसांची सूट दिली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. त्यांत निरीक्षकाचे नावच बदलले आहे. तो आता ‘निरीक्षक तथा सुविधाकर्ता’ आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत खटला भरण्यापूर्वी मालकाला चूक सुधारण्यासाठी ३० दिवसांची संधी आहे. पाळणाघराची मर्यादा आता ५० कामगारांची आहे. यात स्त्रियांबरोबर पुरुषांचीही मोजणी होते, आणि मूल ही केवळ आईची जबाबदारी नव्हे हे तत्त्व त्यातून पुढे येते. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु ३५ स्त्रिया आणि १० पुरुष असलेल्या कारखान्यातील स्त्रियांचा जुना हक्क त्याच कलमाने हिरावला जातो, हेही तितकेच खरे आहे.

दोन आक्षेप

कार्यकर्त्यांपुढे या कामात दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीरपणे घेतले पाहिजेत.

पहिला आक्षेप असा की निरीक्षक लाचखाऊ असतो. मग तपासणीचा आग्रह धरून काय मिळवावयाचे? लाचखोरी आहे, यात शंका नाही. परंतु मालक वर्ग निरीक्षकाला हाकलू इच्छितो तो लाच द्यावी लागते म्हणून नव्हे, तर आठवड्यातून एखादा प्रामाणिक निरीक्षकही दारात येऊ शकतो म्हणून. बंद खोलीतल्या तपासणीला लाच लागू पडते. माता, पाळणाघरातील सेविका आणि संघटनेचा प्रतिनिधी यांच्यासमक्ष झालेल्या आणि अहवाल दारावर लावलेल्या तपासणीला ती लागू पडणे अवघड असते. उपाय तपासणी रद्द करण्यात नाही, तिच्यावर लोकांची नजर ठेवण्यात आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. परवान्याची सक्ती झाली तर वस्तीतील एखादी विधवा किंवा परित्यक्ता स्त्री आपल्या एकाच खोलीत आठ-दहा मुले सांभाळून पोट भरते, तिचे काय? तिच्याकडे दुसरे दार नाही, आग विझविण्याचे नळकांडे नाही. नियमावर बोट ठेवून तिची खोली बंद केली, तर दुसऱ्या दिवशी धुणीभांड्याला जाणाऱ्या आया मूल घरात कुलूपबंद ठेवतील किंवा सात वर्षांच्या मुलीला शाळेतून काढून धाकट्यापाशी बसवतील. अशा बंदीने कागद सुरक्षित होईल, मूल होणार नाही. म्हणून नुसत्या परवान्याची मागणी ही अर्धी मागणी आहे. अशा स्त्रीला सार्वजनिक जागा, प्रशिक्षण आणि पगार देऊन तिला सार्वजनिक पाळणाघराची सेविका करणे, हे त्या मागणीचे दुसरे आणि महत्त्वाचे अर्धे अंग होय.

त्यासाठी चौकट नव्याने बांधावयाची नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी सुरू झालेली एकात्मिक बालविकास योजना आज गावोगावी अंगणवाडीच्या रूपाने उभी आहे. परंतु अंगणवाडी काही तासांची असते. दिवसभर कामावर असणाऱ्या आईला ती पुरत नाही, आणि तीन वर्षांखालील मुलाला तेथे दिवसभर ठेवता येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनिसांना उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला. तरीही सरकार त्यांना ‘मानसेवी’ म्हणते. ज्या स्त्रीला सरकार कामगार मानावयास तयार नाही, तिच्याकडूनच दहा-दहा मुलांच्या प्राणांची हमी मागणे हा दांभिकपणा आहे.

पुढील काम

१९१९ मध्ये, यादवी युद्धाच्या आणि उपासमारीच्या दिवसांत लिहिलेल्या ‘महान आरंभ’ या पुस्तिकेत लेनिन यांनी सार्वजनिक भोजनगृहे, पाळणाघरे आणि बालोद्याने यांना साम्यवादाचे अंकुर मानले होते. स्त्रीची मुक्तता घोषणेने होत नाही, तिच्या पाठीवरचे रोजचे ओझे समाजाने उचलल्याने होते, हा त्यामागचा विचार होता. त्या विचाराला आजच्या परिस्थितीत ठोस रूप द्यावयाचे तर कार्यकर्त्यांनी चार कामे हाती घेतली पाहिजेत.

एक, प्रत्येक वस्तीत आणि कारखान्याच्या आसपास मुले कोठे ठेवली जातात याची नोंद करावी: खोली किती मोठी, दारे किती, चूल कोठे, मुले किती, सांभाळणाऱ्या किती.

दोन, पाळणाघराचा हक्क संख्येच्या मर्यादेतून सोडवून मुलाशी जोडावा, घरखात्यावरील बिडी कामगार स्त्रियांसाठी वस्तीतच पाळणाघर व्हावे आणि त्याचा खर्च कारखानदार व सरकार यांनी उचलावा, अशी मागणी करावी.

तीन, पाळणाघरांसाठी परवान्याचा कायदा, मातांच्या उपस्थितीत पूर्वसूचनेवाचून तपासणी आणि तिचा जाहीर अहवाल, तसेच लहान पाळणाघरांना सरकारी मदत, या गोष्टी एकत्रच मागाव्यात. एकीवाचून दुसरी स्वीकारू नये.

चार, कामगार संघटनांनी ही मागणी मागणीपत्रकाच्या शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आणावी, आणि वाटाघाटीच्या शिष्टमंडळात ज्यांची मुले आहेत अशा स्त्री कामगारांना बसवावे.

आग लागल्यावर चौकशी समिती नेमणे कोणत्याही सरकारला जमते. आग लागण्यापूर्वी दार उघडे आहे की नाही हे पाहावयास लावणे, हे संघटित श्रमिकांचे काम आहे. ते जबलपुरात सुरू झाले, तर बिडीच्या साऱ्या पट्ट्यात पसरावयास वेळ लागणार नाही.