उंबरठ्याआंत आलेला कायदा

पांढरपेशा कुटुंबांत फौजदारी कायदा ही एक परकी वस्तु समजली जात असे. तो चोरांसाठीं, दरोडेखोरांसाठीं, आणि फार तर भाऊबंदकींत डोकीं फोडणाऱ्यांसाठीं. ज्याचें नांव पोलिसांच्या दप्तरांत कधीं चढलें नाहीं, त्याला त्याचें काय? शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण पाळून जन्म काढलेले गृहस्थ पुण्यासारख्या शहरांत पेठोपेठीं आढळतील. परंतु त्यांच्याच जिन्याखालीं त्यांची स्वतःची एक जुनी स्कूटर, मुलाची मोटारसायकल आणि सुनेची गाडी अशीं तीन वाहनें उभीं असतात. त्या वाहनांवरील क्रमांकांमुळें आपलें घर दंडाच्या कायद्याशीं जोडलें गेलें आहे, हें त्या गृहस्थांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं.

पूर्वीं याची फारशी झळ लागत नसे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत ज्या गुन्ह्यास वेगळी शिक्षा सांगितलेली नव्हती, त्याला पहिल्या वेळीं १०० रुपयांपर्यंत दंड होता. चौकांत शिपाई उभा असे; तो शिट्टी वाजवी, हात करी आणि वाहन कडेला घेववी. मग थोडी अजीजी, थोडी हुज्जत, कोणा बड्या माणसाची ओळख सांगणें, आणि शेवटीं पावती; किंवा पावतीवांचून सुटका, तो भाग सर्वांस ठाऊकच आहे. प्रसंग तेथेंच संपे. घरीं कोणास कळतहि नसे.

संसदेनें ऑगस्ट २०१९ मध्यें हा कायदा सुधारला, आणि १ सप्टेंबर २०१९ पासून शिक्षेचीं बहुतेक नवीं कलमें अमलांत आलीं. शंभराचे ५०० झाले. परवान्याशिवाय वाहन चालविणाऱ्याचा दंड ५०० वरून ५,००० वर गेला. दारू पिऊन वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यास २,००० रुपयांपर्यंतच्या दंडाऐवजीं १०,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. महाराष्ट्र सरकारनें त्या वेळीं हे वाढीव दंड वसूल करण्याचें लांबणीवर टाकलें. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, ही गोष्टहि विसरतां येत नाहीं. पुढें दोन वर्षांनीं, डिसेंबर २०२१ मध्यें, राज्यानें आपले दर जाहीर केले.

येथें एक बारकावा आहे. कायद्यानें ठरविलेला दंड ही एक गोष्ट, आणि खटला न भरतां तडजोडीनें प्रकरण मिटविण्याची रक्कम ही दुसरी. ही दुसरी रक्कम ठरविण्याचा अधिकार राज्याला आहे. म्हणून हेल्मेट नसल्याबद्दल मूळ कायद्यांत १,००० रुपये असतांना महाराष्ट्रानें ५०० ठेवले. हेल्मेटाविरुद्ध पुणेकरांनीं जितकें वक्तृत्व खर्ची घातलें, तितकें क्वचितच दुसऱ्या विषयावर घातलें असेल. पण त्या वादांत सगळा भर पैशांवर राहिला. त्याच कलमांत तीन महिने परवाना गमावण्याची शिक्षा आहे, ती बहुतेकांनीं वाचलीच नाहीं. मे २०२२ मध्यें मुंबईच्या वाहतूक पोलिसांनीं मागें बसणारासहि हेल्मेट लागेल असें जाहीर केलें, तेव्हां अनेकांस तें नवें वाटलें. वास्तविक चार वर्षांवरील प्रत्येक स्वारास तें हवें, आणि पगडी बांधणाऱ्या शीख स्वारास तें नको, असें कायद्याचेंच म्हणणें आहे.

तथापि खरा बदल आंकड्यांत नाहीं. तो शिपायाच्या जागीं आलेल्या कॅमेऱ्यांत आहे. शिपाई चालकास पकडीत असे. कॅमेरा क्रमांक टिपतो, आणि क्रमांकामागें नांव असतें तें मालकाचें. समजा, सदाशिव पेठेंतील एक निवृत्त गृहस्थ सकाळीं वर्तमानपत्र वाचीत बसले आहेत. मोबाईलवर संदेश येतो कीं, मंगळवारीं सकाळीं अलका टॉकीजच्या चौकांत त्यांनीं तांबडा दिवा ओलांडला. मंगळवारीं तर ते घराबाहेर पडलेच नव्हते ! मग चौकशी सुरू होते. भाचा म्हणतो, गाडी मित्रानें नेली होती. मित्र म्हणतो, दिवा पिवळा होता. अशा यंत्रानें धरलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी व त्याची नोंद प्रकरण मिटेपर्यंत जपून ठेवावी, असें ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय नियमांत सांगितलें आहे. म्हणजे छायाचित्र पाहून हरकत घेण्यास जागा ठेविलेली आहे. पण हरकत घेणारे थोडे. बाकीचे लोकअदालतीची वाट पाहतात, कारण तेथें थकलेले दंड तडजोडीनें मिटलेले त्यांनीं ऐकलें असतें.

दंडाचें हें दुखणें किरकोळ म्हणतां येईल. खुंटीवरच्या किल्लीचें म्हणतां येणार नाहीं.

मुलगा दहावी पास झाला, शिकवणीचा वर्ग लांब आहे, बसला गर्दी असते, आई म्हणते, "जाऊं द्या, हळू चालवतो तो." वडील मान हलवतात. अशा घरांत दुष्टपणा कोणाचाच नसतो. परंतु २०१९ च्या सुधारणेंत १९९-अ हें एक कलम घातलें गेलें आणि त्यानें या मान हलविण्याचीहि किंमत ठरविली. अठरा वर्षांखालील मुलानें वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. त्या वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द. मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाहीं. आणि सर्वांत लक्षांत ठेवण्याजोगें म्हणजे, वाहन पालकाच्या संमतीनेंच नेलें असें न्यायालयानें गृहीत धरावयाचें. आपल्याला ठाऊक नव्हतें, किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हें पालकानें सिद्ध करावयाचें. सोळाव्या वर्षीं परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरता. घराघरांतल्या स्कूटरीचें इंजिन त्याच्या दुपटीहून मोठें असतें. विमा आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनींहि जपावें. विनापरवाना चालकाकडून अपघात झाल्यास कंपनीनें जखमीला भरपाई द्यावी आणि मग ती वाहनमालकाकडून वसूल करावी, असे निर्णय न्यायालयांनीं दिलेले आहेत.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरांत एका भरधांव मोटारीच्या धडकेनें दुचाकीवरील एक तरुण व एक तरुणी, दोघेहि अभियंते, मृत्यु पावलीं. मोटार चालविल्याचा आरोप असलेला मुलगा अठराच्या आंतला होता. त्यास प्रथम जामीन मिळाला, तेव्हां अपघातांवर तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यांत आली, आणि देशभर संताप उसळला. तो संताप योग्यच होता. पण निबंधावर जेवढें बोललें गेलें, त्याच्या दशांशानेंहि १९९-अ वर जेवणाच्या पानावर बोललें गेलें असतें, तर कित्येक खुंट्यांवरच्या किल्ल्या कपाटांत गेल्या असत्या.

त्याच वर्षीं, १ जुलै २०२४ रोजीं, १८६० ची भारतीय दंडसंहिता जाऊन तिच्या जागीं भारतीय न्यायसंहिता आली. जुन्या संहितेंत नशेंत सार्वजनिक जागीं उपद्रव देणाऱ्यास चोवीस तासांपर्यंत कैद किंवा १० रुपयांपर्यंत दंड होता. हे दहा रुपये दीडशेंहून अधिक वर्षें दहाच राहिले! आतां ते १,००० झाले, आणि समाजसेवेची शिक्षाहि शक्य झाली. रस्त्यापुरतें पाहतां महत्त्वाचें कलम १०६ होय. निष्काळजीपणानें मृत्यु घडविल्यास पूर्वीं दोन वर्षांपर्यंत कैद होती. आतां ती पांच वर्षांपर्यंत आहे. अपघात करून, पोलिसांस किंवा मॅजिस्ट्रेटास न कळवितां पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारें पोटकलमहि लिहिलें गेलें होतें. त्यावर जानेवारी २०२४ च्या आरंभीं मालमोटारींच्या चालकांनीं संप केला, पेट्रोलच्या पंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हां एवढें पोटकलम बाजूला ठेवण्यांत आलें.

चालकांचें म्हणणें अगदींच सोडून देण्यासारखें नव्हतें. थांबल्यास जमाव मारील, ही भीति खोटी नाहीं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्यें या भीतीचा विचार आधींपासून केलेला आहे. जमावाच्या क्षोभामुळें शक्य नसल्यास गोष्ट वेगळी, एरवीं चालकानें जखमीस औषधोपचार मिळवून द्यावा. आणि जागेवर पोलिस नसल्यास शक्य तितक्या लवकर, निदान चोवीस तासांच्या आंत, जवळच्या ठाण्यावर खबर द्यावी. म्हणजे जागा सोडणें आणि नाहींसें होणें यांत कायदा फरक करतो. हा फरक ज्यास ठाऊक नसतो, तो घाबरून वेग वाढवितो, आणि रस्त्यावर पडलेला माणूस तसाच राहतो.

बघ्यांची भीति तर याहूनहि निराधार आहे. "उगाच पोलिसांचें लचांड मागें लागेल," म्हणून शहाणीं माणसें दूर उभीं राहतात. २०१९ च्याच सुधारणेनें १३४-अ हें कलम आणलें आहे. जो सद्भावनेनें, मोबदल्याची अपेक्षा न धरतां जखमीस मदत करतो, त्याजवर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊं शकत नाहीं. सप्टेंबर २०२० च्या नियमांप्रमाणें त्याला नांव-पत्ता सांगण्याची सक्ति नाहीं. तो आपखुषीनें साक्षीदार झाला, तर त्याच्या सोयीच्या वेळीं व ठिकाणीं त्याचा जबाब घ्यावा, आणि पोलिसानें साध्या वेषांत जावें. ठोकून पळालेलें वाहन सांपडलेंच नाहीं, तरी जखमीचे हात रिकामे राहत नाहींत. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल २ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपये भरपाई ठरलेली आहे. पूर्वीं ती २५,००० व १२,५०० होती. ज्या घरांत चलानाचे आंकडे मुखोद्गत असतात, त्या घरांत हे आंकडे मात्र विचारून पाहावेत.

फिर्यादीच्या बाबतींतहि थोडें घडलें आहे. "ही आमची हद्द नव्हे" असें म्हणून ठाण्यावरून परत पाठविणें आतां संहितेस मान्य नाहीं. हद्द कोणतीहि असो, खबर घेतलीच पाहिजे. ती विद्युत्‌संदेशानेंहि देतां येते, मात्र देणारानें तीन दिवसांत सही करावी लागते. तिची प्रत फुकट मिळते. आणि पूर्वीं पांसष्टीनंतर मिळणारी एक सवलत आतां साठीनंतर मिळते. अलका टॉकीजच्या चौकांतील एखादा अपघात त्या सदाशिव पेठेंतल्या गृहस्थांनीं खरोखरच डोळ्यांनीं पाहिला असेल, तर साक्षीदार म्हणून त्यांना ठाण्यावर बोलावतां येणार नाहीं; जबाब घेण्यासाठीं पोलिसानेंच त्यांच्या घराचा जिना चढावयाचा आहे.