गांवचा शिक्का कोणाच्या हातीं?

सन १९४५ च्या एप्रिल महिन्याची २९ तारीख. त्या रविवारीं फ्रान्स देशांतील गांवोगांवच्या कचेऱ्यांपुढें मतदारांच्या रांगा लागल्या होत्या. जर्मनीशीं चाललेलें युद्ध अद्याप संपलें नव्हतें. सँ-नाझेर, लोरियाँ यांसारखीं कांहीं बंदरें अजून जर्मन सैन्याच्याच ताब्यांत होतीं. लक्षावधि फ्रेंच पुरुष युद्धकैदी अथवा वेठीचे मजूर म्हणून जर्मनींत अडकले होते, आणि त्यांची परतीची वाट कोठें नुकती मोकळी होऊं लागली होती. अशा वेळीं देशभर निवडणूक होत होती, आणि तीही राष्ट्राच्या लोकसभेची नव्हे, तर गांवच्या सभेची. त्या रांगांत फ्रेंच प्रजासत्ताकाच्या इतिहासांत प्रथमच स्त्रियाही मतदार म्हणून उभ्या होत्या.

युद्धाच्या धामधुमींत गांवच्या निवडणुकीची एवढी घाई कशासाठीं, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर त्या देशाच्या ग्रामकारभारांत सांपडतें.

फ्रान्समध्यें खेडें असो वा शहर, स्थानिक कारभाराच्या घटकाला ‘कम्यून’ हें एकच नांव आहे. आज तेथें सुमारें ३५ हजार कम्यून आहेत, आणि त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांची वस्ती पांचशेंपेक्षांही कमी आहे. तरीही दोनतीनशें वस्तीच्या खेड्याला जशी लोकनियुक्त सभा व मेयर असतो, तसाच तो लियोंसारख्या मोठ्या शहरालाही असतो. नागरिक सभासद निवडतात, आणि सभासद आपल्या पहिल्याच बैठकींत गुप्त मतदानानें आपल्यांतून मेयर निवडतात. मुदत सहा वर्षांची असते. मतदार पडद्याआड जाऊन आपली मतपत्रिका लिफाफ्यांत घालतो व मग ती मतपेटींत टाकतो. ही पद्धत १९१३ च्या कायद्यानें सुरू झाली.

मेयराला दोन नात्यांनीं वागावें लागतें. एकीकडे तो गांवच्या सभेचा प्रमुख, तर दुसरीकडे सरकारचा प्रतिनिधि. प्राथमिक शाळेची इमारत, रस्ते, स्मशानभूमि यांची काळजी त्यानें वाहावयाची; जन्म, मृत्यु व विवाह यांची नोंद त्याच्याच कचेरींत व्हावयाची. वधूवरांचा विवाह कायदेशीर होण्यासाठीं त्यांना मेयरापुढें उभें राहावें लागतें, आणि त्या प्रसंगीं त्याच्या अंगावर तिरंगी पट्टा असतो. मनुष्य जन्मल्यापासून मरेपर्यंत त्याच्या जीवनावर शिक्का उमटतो तो या कचेरीचा.

म्हणूनच हा शिक्का कोणाच्या हातीं असावा, यावरून तेथें दीर्घकाळ झगडा चालला. राज्यक्रांतीच्या प्रारंभीं, डिसेंबर १७८९ च्या कायद्यानें, गांवांना आपले अधिकारी निवडण्याचा हक्क मिळाला. १८०० सालीं नेपोलियननें तो काढून घेतला आणि मेयर वरून नेमले जाऊं लागले. पुढें कित्येक राजवटी आल्या आणि गेल्या. अखेर १८८२ व १८८४ च्या कायद्यांनीं मेयर निवडण्याचा अधिकार सर्व ग्रामसभांकडे आला. अपवाद एका पॅरिस शहराचा. राजधानीच्या लोकक्षोभाचें भय सरकारला इतकें होतें कीं, पॅरिसला आपला मेयर थेट १९७७ सालीं लाभला.

१९४० मध्यें फ्रान्सचा पाडाव झाला, आणि मार्शल पेतँ यांच्या व्हिशी सरकारनें त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कायदा करून दोन हजारांहून अधिक वस्तीच्या गांवांतील निवडणूकच बंद केली. सभासद व मेयर पुन्हां वरून नेमले जाऊं लागले. लियोंचे मेयर एदुआर एरियो १९०५ पासून त्या पदावर होते. त्यांनाही पदच्युत करण्यांत आलें.

शांततेच्या काळीं क्षुल्लक वाटणारा गांवचा शिक्का काय करूं शकतो, हें त्या चार वर्षांत कळून आलें. ओळखपत्र, शिधापत्रक, जन्माचा दाखला हीं सारीं त्याच कचेरींतून निघत. कोठें एखाद्या मेयरानें वा त्याच्या चिटणीसानें खोट्या नांवाचा दाखला देऊन छळाला भ्यालेल्या यहुदी कुटुंबाला जीवदान दिलें. कोठें दुसऱ्यानें वरून आलेला हुकूम मुकाट्यानें बजावला. शिक्का तोच होता, पण त्यामागचा हात निराळा होता.

आणि तो हात निवडण्याच्या कामीं अर्ध्या राष्ट्राला तोंवर मुळींच अधिकार नव्हता. १९१९ सालीं लोकप्रतिनिधींच्या सभागृहानें स्त्रियांच्या मताधिकाराला संमति दिली. परंतु १९२२ मध्यें वरिष्ठ सभागृहानें १५६ विरुद्ध १३४ मतांनीं ती फेटाळली. १९२५ सालीं ब्रितानी प्रांतांतील दुआर्नने या बंदरांत, मासे डब्यांत भरण्याच्या कारखान्यांत राबणारी जोझेफीन पांकाले ही कामकरी स्त्री नगरसभेवर निवडून आली. पुरुषांनीं तिला मतें दिलीं, तिनें सभासद म्हणून कामही केलें; पण ती स्त्री आहे एवढ्याच कारणावरून तिची निवड रद्द ठरली. १९३५ च्या स्थानिक निवडणुकीच्या वेळीं लुईझ वेस या विदुषीनें पॅरिसच्या मोंमार्त्र भागांत टोप्यांच्या खोक्यांच्या मतपेट्या करून मांडल्या, आणि स्त्रियांचीं मतें प्रतीकरूपानें गोळा केलीं. पुढल्याच वर्षीं लेऑं ब्लूम यांनीं तीन स्त्रियांना उपमंत्रिपदें दिलीं. राज्य चालविण्यास स्त्री योग्य, पण मत देण्यास अयोग्य, असा तो अजब न्याय होता.

हा न्याय बदलला तो देश परक्यांच्या टांचेखालीं असतांना, समुद्रापलीकडे अल्जीयर्स येथें. तेथील सल्लागार सभेंत आक्षेप निघाला कीं, इतके पुरुष कैदेंत असतांना स्त्रियांना मत दिल्यास त्यांचेंच बहुमत होईल. या आक्षेपाचा रोख स्त्रियांच्या पात्रतेवर नव्हता, संख्येवर होता. २४ मार्च १९४४ रोजीं फेर्नां ग्रेनिये यांची उपसूचना ५१ विरुद्ध १६ मतांनीं संमत झाली, आणि २१ एप्रिलच्या वटहुकुमानें स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनें मत देण्याचा व निवडून येण्याचा हक्क मिळाला.

त्या हक्काचा पहिला उपयोग ही १९४५ ची निवडणूक. पहिली फेरी युद्ध चालू असतां झाली. दुसरी १३ मे रोजीं, म्हणजे जर्मनीच्या शरणागतीनंतर पांच दिवसांनीं झाली. ले साब्ल-दोलोन या किनाऱ्यावरील शहरानें ओदेत रू या तरुण शिक्षिकेला मेयर केलें. प्रतिकारचळवळींत तिनें भाग घेतला होता. लियोंनें जर्मनींतील बंदिवासांतून नुकत्याच सुटलेल्या एरियोंना पुन्हां मेयर निवडलें, आणि ते १९५७ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्या पदावर राहिले. मोडलेलें राज्य उभारतांना फ्रान्सनें पाया आधीं घातला व कळस मागाहून चढविला. घाईचें कारण हेंच.

परंतु हक्क मिळणें आणि जागा मिळणें यांत अंतर असतें. म्हणून २००० सालीं मोठ्या गांवांतील उमेदवारांच्या याद्यांत स्त्रीपुरुषांची संख्या समान असावी, असा कायदा झाला. २०१३ च्या कायद्यानें तो नियम एक हजार वस्तीपर्यंत खालीं आणला, आणि २०२५ च्या कायद्यानें, मार्च २०२६ च्या निवडणुकीपासून, तो लहानांतल्या लहान खेड्यालाही लागू केला. यांत कांहीं गमवावेंही लागलें. खेड्यांतील मतदाराला यादींतलें नको तें नांव खोडून हवें तें लिहिण्याची मुभा होती, ती गेली. तरीही २०२० च्या निवडणुकीनंतर मेयरांत स्त्रियांचें प्रमाण शेंकडा वीसच्या आसपासच होतें.

त्याच २०२० सालीं दुसरीही एक गोष्ट दिसून आली. मार्चमधील पहिल्या फेरीच्या वेळीं करोनाची सांथ फैलावत होती. दुसरी फेरी पुढें ढकलून २८ जूनला घ्यावी लागली. दोन्ही वेळां निम्म्याहून अधिक मतदार घरींच राहिले. २०१४ मध्यें शेंकडा ६३ हून अधिकांनीं मत दिलें होतें. रोगाचें भय खरें, त्याबद्दल कोणास दोष देतां येत नाहीं. पण भय ओसरल्यावरही घरीं बसण्याची संवय उरली, तर मात्र तो दोष मतदाराचाच म्हणावा लागेल.

दुआर्ननेच्या त्या कामकरी स्त्रीला निवडून येऊनही खुर्ची सोडावी लागली, आणि वीस वर्षांनंतर तिच्या देशभगिनी तोफांचे आवाज थांबण्यापूर्वींच मतदानाला निघाल्या. गांवची निवडणूक त्यांना लहान वाटली नाहीं. संकटाच्या रात्रीं आपल्या दाराशीं येणारा अधिकारी आपण निवडलेला असेल कीं दुसऱ्यानें नेमलेला, हें त्या एका लिफाफ्यावर अवलंबून असतें, हें त्यांनीं पुरतें अनुभविलें होतें.