ठिपके आधी, चित्र मागाहून



जुन्या अरबी खगोलग्रंथांतली चित्रं हल्ली कॅलेंडरांवर आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर बरीच दिसतात. कुठे अस्वल, कुठे दाढीवाला योद्धा, कुठे हात पसरून उभी असलेली बाई, आणि सगळ्यांच्या अंगावर विखुरलेले ठिपके. आपण 'वा!' म्हणतो आणि पान उलटतो. आज माझी विनंती आहे की ते अस्वल आणि तो योद्धा थोडा वेळ विसरा आणि आधी ठिपके बघा. ज्या माणसानं ही चित्रं पहिल्यांदा काढवली, त्याच्या लेखी ठिपके हाच मजकूर होता.

हा माणूस म्हणजे अब्द अल्-रहमान अल्-सूफी. जन्म इसवी सन ९०३, आजच्या तेहरानला लागून असलेल्या रय्य गावी. बुवैही घराण्यातला अदुद् अल्-दौला हा राजा त्याचा आश्रयदाता होता आणि शिष्यही. ९६४ च्या सुमारास अल्-सूफीनं 'स्थिर ताऱ्यांच्या आकृती' हा ग्रंथ अरबीत सिद्ध केला. ग्रीक खगोलविद टॉलेमीनं आठशे वर्षांपूर्वी सांगितलेले ४८ तारकासमूह त्यानं एकेक करून घेतले. प्रत्येकाचं वर्णन, मग टॉलेमीचं काय चुकलं याची चर्चा, मग अरबांमध्ये त्या ताऱ्यांना काय म्हणतात ते, मग दोन चित्रं आणि शेवटी कोष्टक, असा प्रत्येक प्रकरणाचा साचा आहे.

प्रस्तावनेत त्यानं आधीच्या लोकांची चांगली हजेरी घेतली आहे. तारे शिकणाऱ्यांत दोन प्रकार त्याला दिसले. एकांचा सगळा भरवसा धातूच्या खगोलावर, म्हणजे तारे दाखवणाऱ्या गोलावर, आणि पुस्तकातल्या आकड्यांवर, वर मान करून बघायचं नाव नाही. दुसऱ्यांना भटक्या अरबांची नक्षत्रविद्या तोंडपाठ, पण आकड्यांशी ओळख नाही. अल्-बत्तानीसारखा मोठा निरीक्षकही या टीकेतून सुटलेला नाही. अल्-सूफीला या दोन्ही विद्या एका पानावर आणायच्या होत्या. पानावरच्या पुष्कळ चमत्कारिक गोष्टींचा उलगडा या हट्टातून होतो.

आता ती दोन चित्रं. प्रत्येक समूह दोनदा का काढायचा? एक चित्र आकाशात दिसतो तसं असतं आणि दुसरं खगोलावर दिसतो तसं. आकाश आपण आतून पाहतो आणि खगोल बाहेरून, त्यामुळे डावं-उजवं उलटतं. शिक्क्यावर कोरलेली अक्षरं आणि कागदावर उमटलेला ठसा यांचं जे नातं, तेच या दोन चित्रांचं. अंगणात उभा राहून तारे ओळखणाऱ्यासाठी एक चित्र आणि पितळेचा खगोल घडवणाऱ्या कारागिरासाठी दुसरं. विद्वान अल्-बिरूनीनं अशी नोंद केली आहे की अल्-सूफी खगोलावर पातळ कागद ठेवून आकृती आणि तारे उतरवून घेत असे. स्वतः अल्-सूफीनं राजासाठी ३००० दिरहम वजनाचा चांदीचा खगोल केला होता, आणि तो १०४३ मध्ये कैरोच्या ग्रंथालयात पाहिल्याची नोंद आहे.

म्हणून या पोथ्यांची पहिली कसोटी अशी, की दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची आणि ठिपके खरोखर उलटले आहेत का ते बघायचं. चित्रकार हुशार असला की दुसऱ्या चित्रात तो मनानं भर घालतो. चेहरा जास्त गोड, पदर जास्त झुळझुळीत. आणि तेवढ्यात खांद्यावरचा तारा कोपरावर सरकतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या, राजेलोकांसाठी केलेल्या काही प्रती या बाबतीत साध्या, शाईच्या रेघांच्या प्रतींपेक्षा डाव्या असतात. माझं मत विचाराल तर मी साध्या प्रतीच्या बाजूचा आहे. तिथे रेषा ठिपक्यांना धरून चालते, ठिपक्यांवर कुरघोडी करत नाही.

ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात 'मार्श १४४' या क्रमांकाची प्रत आहे. तिच्या अखेरीस हिजरी ४०० हे साल आहे, म्हणजे १००९-१०, आणि नक्कल करणारा अल्-सूफीचा मुलगा असं तिथे म्हटलं आहे. हे साल खरं मानावं की प्रत बाराव्या शतकातली समजावी, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण रेषांबद्दल वाद नाही. अंगरख्याच्या चुण्या, फेटा, भुवया, सगळं मोजक्या शाईत काढलेलं आहे आणि ठिपके स्पष्ट दिसतात.

यातलं देवयानीचं पान पाहू. ग्रीकांची अँड्रोमेडा, अरबीत साखळदंडांतली स्त्री. तिचं एक चित्र नीट आहे. पण पुढे तिचंच आणखी एक चित्र येतं, त्यात तिच्या पायांवर आडवा मासा पडलेला. मग तिसरं चित्र, त्यात दोन मासे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की चित्रकाराची फिरकी आहे. तसं काही नाही. ग्रीकांनी त्या ताऱ्यांत बाई पाहिली, भटक्या अरबांनी त्याच ताऱ्यांतले काही घेऊन मासा पाहिला. अल्-सूफीनं कुणाचंच आकाश खोडलं नाही, एकावर एक ठेवून दिलं. शर्मिष्ठेच्या परिसरात अरबांना उंट दिसत असे. तोही त्यानं सोडला नाही.

त्या माशाच्या तोंडाशी बारीक ठिपक्यांचा पुंजका आहे. अल्-सूफी त्याला ढगाचा डाग म्हणतो आणि ही गोष्ट लोकांना आधीपासून माहीत असल्यासारखं लिहितो. हीच देवयानी दीर्घिका, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर असलेली. ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे विसाव्या शतकात, १९२० च्या दशकात सिद्ध झालं. तिची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी स्पष्ट नोंद या ग्रंथातली, आणि तीसुद्धा ग्रीक बाईच्या वर्णनात नव्हे, अरबी माशाच्या वर्णनात. माशाला पानावर जागा दिली नसती तर हा पुंजकाही राहून गेला असता, असं मला वाटतं.

शेजारचा ययाती बघा. ग्रीकांच्या पर्सियसच्या हातात मेड्युसाचं मुंडकं, केसांच्या जागी साप. अरबी चित्रात ते दाढीवाल्या राक्षसाचं झालं आहे. पण आपण ज्याला मायावती म्हणतो तो तारा राक्षसाच्या डोक्यावरच आहे. कथा बदलली आणि तारा होता तिथेच राहिला.

चित्राखाली कोष्टक असतं. बहुतेक लोक इथे पान उलटतात. इथेच थांबा. प्रत्येक ओळ एका ताऱ्याची आणि ओळीचा क्रमांक चित्रातल्या ठिपक्याजवळ लिहिलेला. मग भोग आणि शर, म्हणजे ताऱ्याची जागा सांगणारे दोन आकडे, आणि प्रत, म्हणजे तेजस्विता. पत्रिकेतले अंश-कला ज्यांना वाचता येतात त्यांना हे घर ओळखीचं वाटेल. आकडे मात्र अरबी अंकांत नसून अक्षरांत असतात. या पद्धतीला अबजद म्हणतात. अलिफ एक, बा दोन, जीम तीन, दाल चार, असं नऊपर्यंत. पुढे दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास यांना एकेक अक्षर. हिशेब साठाचा असल्यामुळे ५९ च्या पलीकडे फारसं जावं लागत नाही.

आता लेखनिकाची कसरत पाहा. तीनचं 'जीम' आणि आठचं 'हा' ही दोन्ही अक्षरं दिसायला सारखी, फरक एका नुक्त्याचा. म्हणून चांगला लेखनिक तीनच्या अक्षराची शेपटी तोडून टाकतो. १३ आणि ५३ यांचं तर वैरच आहे. पहिलं अक्षर दोन्हीकडे एक दात, वरचा-खालचा नुक्ता सुटला की तेरा आणि त्रेपन्न एकरूप. कोष्टकात कला ५१, ५२ अशा चालल्या असताना मध्येच १३ आली, तर ती ५३ आहे आणि नुक्ता कुठल्या तरी शतकात गळला आहे असं समजायचं. अशाच समान चुकांवरून कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून उतरवली हे संशोधक लावतात.

अल्-सूफीच्या कोष्टकाबद्दल एक तक्रारही करायला हवी. ताऱ्यांची तेजस्विता त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी नव्यानं ठरवली, आणि ते काम टॉलेमीपेक्षा सरस आहे. स्थानं मात्र नव्यानं मोजली नाहीत. अमुक तारा चुकीच्या जागी आहे असं तो मजकुरात सांगतो, पण कोष्टकात टॉलेमीचाच आकडा घेतो आणि अयनचलनापोटी, म्हणजे काळाबरोबर भोग हळूहळू वाढतात म्हणून, प्रत्येक भोगात सरसकट १२ अंश ४२ कला मिळवतो. अयनचलनाचा वेग त्यानं ६६ वर्षांना एक अंश धरला. खरा वेग सुमारे ७२ वर्षांना एक अंश, म्हणजे त्यानं बेरीज जास्त केली. पण टॉलेमीचे भोग मुळातच सुमारे एक अंशानं कमी होते. दोन चुका एकमेकींना भिडल्या आणि १ ऑक्टोबर ९६४ साठी त्याचे भोग जवळपास बरोबर निघाले! नशीब म्हणतात ते हेच.

ताऱ्यांच्या ग्रंथांचं भावंड म्हणजे जीज. आपल्याकडे पंचांग करणारा करणग्रंथावरून गणित करतो, तसं तिकडे जीजवरून वर्षाचं तक्वीम तयार होई. जीजमध्ये चित्रं नाहीत. शेकडो पानं नुसत्या कोष्टकांची. ई. एस. केनेडी यांनी १९५६ मध्ये अशा सव्वाशेच्या आसपास ग्रंथांची नोंद प्रसिद्ध केली.

अशा रूक्ष पानाचा रस कसा घ्यायचा? रविमंदफलाचं कोष्टक काढा. सूर्य वर्षभर सारख्या गतीनं चालत नाही, म्हणून मध्यम सूर्याला दुरुस्ती द्यावी लागते, तिचं हे कोष्टक. आकडे शून्यापासून चढत जातात, नव्वद अंशांच्या थोडे पुढे शिखर गाठतात आणि उतरतात. पहिल्या १८० अंशांचे आकडेच पुढच्या १८० अंशांत उलट क्रमानं येत असल्यामुळे कुशल लेखनिक एकाच रकान्याला दोन्ही बाजूंनी अंश देतो, उजवीकडून वरून खाली आणि डावीकडून खालून वर. अर्ध्या जागेत पूर्ण कोष्टक. याला मी नक्षीकाम म्हणतो.

आणि ते शिखर वाचा. २ अंश २३ कला असेल तर ग्रंथ टॉलेमीचा अनुयायी. १ अंश ५९ कला असेल तर त्यामागे नवव्या शतकातले नवे वेध आहेत. रक्का शहरी चाळीस वर्षं वेध घेणाऱ्या अल्-बत्तानीचा आकडाही १ अंश ५९ कलांचाच. आणि २ अंश १४ कला आली तर ओळखा की हे आपल्याकडून गेलं आहे. ब्रह्मगुप्ताच्या 'खंडखाद्यका'त हाच आकडा येतो. ७७० च्या दशकात सिंध प्रांतातून खलिफा अल्-मन्सूरच्या बगदादेत एक संस्कृत ज्योतिषग्रंथ पोचला. पन्नासेक वर्षांनी गणितज्ञ अल्-ख्वारिज्मीनं त्या परंपरेवर आपली जीज रचली, आणि तिच्यात हे २ अंश १४ कला आहेत. त्या जीजची मूळ अरबी प्रत आज नाही. कॉर्डोबात तिची सुधारून नवी आवृत्ती झाली, तिचं ११२६ मध्ये बाथच्या ॲडेलार्डनं लॅटिन भाषांतर केलं, आणि आपल्या हाती आहे ते हे लॅटिन.

परतीचा प्रवासही झाला. समरकंदच्या उलुघ बेगानं १४३७ मध्ये आपली जीज पुरी केली, हजाराहून अधिक ताऱ्यांच्या यादीसह. त्याच्यासाठी केलेली अल्-सूफीची देखणी प्रत आज पॅरिसमध्ये आहे. अठराव्या शतकात सवाई जयसिंहानं 'जीज-ए-मुहम्मदशाही' करवली, तेव्हा ताऱ्यांची यादी उलुघ बेगाचीच घेतली आणि प्रत्येक भोगात चार अंशांहून थोडं जास्त मिळवलं. तीच अल्-सूफीची युक्ती. जयसिंहाच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट महाराष्ट्रीय ब्राह्मण मानले जातात. ते अरबी शिकले आणि नसीर अल्-दीन तूसीनं संपादित केलेला टॉलेमीचा ग्रंथ त्यांनी 'सम्राट-सिद्धांत' म्हणून संस्कृतात आणला. आपल्याकडे त्यांचं नाव भूमितीच्या 'रेखागणिता'मुळे थोडंफार निघतं. खगोलातलं त्यांचं काम मराठीत कुणी सविस्तर मांडायला हवं.

श्रोतेहो, मार्श १४४ ची पानं बोडलियनच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. कार्तिक-मार्गशीर्षात संध्याकाळी देवयानी डोक्यावर येते, तेव्हा तिचं आकाशातल्यासारखं काढलेलं पान घेऊन गच्चीवर जा. कोष्टकांसाठी अरबी भाषा यायला हवी असंही नाही. चौदा अक्षरं आणि शून्याचं एक चिन्ह एवढं पाठ केलंत, की जीजमधलं बहुतेक कुठलंही अंश-कलांचं कोष्टक तुम्हाला वाचता येईल.