जोडातली तिसरी रिंग

बारामतीहून इंदापूरकडे जाताना जंक्शनला वळलं की वालचंदनगर येतं. वालचंद हिराचंद यांनी कळंब गावाजवळ वसवलेलं हे गाव आधी साखरेमुळे नावारूपाला आलं. आज तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांची पोलादी कवचंही घडतात. चांद्रयान-३ला उचलणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या बूस्टरचे, ३.२ मीटर व्यासाचे भाग या कारखान्याने बनवले होते.

असा बूस्टर एकसंध नसतो. तीन भाग एकमेकांत बसवून तो उभा राहतो. एकाची कड दुसऱ्याच्या खोबणीत, आणि मधल्या फटीत रबरी रिंगा. आतला धगधगता वायू त्यांनी अडवायचा. कुकरचं रबर कडक झालं की वाफ कुठून निसटते, हे घरोघरी ठाऊक आहे.

२८ जानेवारी १९८६ला सकाळी फ्लोरिडात कडाक्याची थंडी होती. नासाच्या चॅलेंजर यानाच्या उजव्या बूस्टरच्या खालच्या जोडातल्या दोन रिंगा गारठल्या होत्या. जाडी जेमतेम ७ मिलिमीटर. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सात अंतराळवीर गेले.

जिव्हारी लागतं ते आदल्या रात्रीचं. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर ‘एवढ्या थंडीत उडवू नका’ म्हणत होते. कंपनीच्या वरिष्ठांनी आधी त्यांना साथ दिली. नासाचे अधिकारी नाराज झाल्यावर मात्र याच वरिष्ठांनी शब्द फिरवला. म्हणूनच वालचंदनगर असो वा श्रीहरिकोटा, खोबणीतला ओरखडा ज्याला दिसला त्याला काम थांबवता आलं पाहिजे, आणि उशिराचा जाब त्याला कुणी विचारता कामा नये.

या अपघाताच्या चौकशी आयोगापुढे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला. चिमटा सोडला, तरी दबलेलं रबर लगेच उसळून येईना. एवढ्याशा प्रयोगाने सगळ्यांना कारण कळलं! मग नासाने जोड नव्याने आखला, तिसरी रिंग घातली, हीटर बसवले. पुढच्या उड्डाणाला २९ सप्टेंबर १९८८ उजाडला.

गगनयान या मानवी अंतराळ मोहिमेसाठी इस्रोने आपल्या बूस्टरची माणसं नेण्याजोगी आवृत्ती तयार केली. तिच्याही प्रत्येक जोडात तीन रिंगा आहेत. १३ मे २०२२ला श्रीहरिकोट्यात २०३ टन इंधन भरून हा बूस्टर जमिनीवरच जखडला आणि १३५ सेकंद पेटवून पाहिला. अंतराळवीर बसण्याआधी गगनयानाची काही उड्डाणं इस्रोने माणसांविनाच ठरवली आहेत.