चिंध्यांतून इतिहास शिवणारी बाई
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीतली माणसं. आमची हयात सुतात नि कापडात गेली, म्हणून कापडाबद्दलच बोलणार आहोत. मात्र ही हकीकत न्यूयॉर्कमधल्या हार्लेमची, म्हणजे तिथल्या काळ्या लोकांच्या वस्तीची आहे. बाबासाहेब 1913 ते 1916 ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते ह्या वस्तीला लागूनच आहे. पुढे 1946 साली बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. आपलं नि त्यांचं नातं असं जुनं आहे.

ह्या हार्लेममध्ये 1930 साली फेथ रिंगोल्ड जन्मल्या. आई विली पोझी कपडे बेतायच्या, शिवायच्या. खापरपणजी तर गुलामगिरीत असताना मालकासाठी क्विल्ट शिवायची. क्विल्ट म्हणजे आपली गोधडीच म्हणा ना! फेथबाईंना चित्रकार व्हायचं होतं. पण सिटी कॉलेजात मुलींना त्या शाखेत प्रवेशच नव्हता. मग त्या शिक्षिकेच्या अभ्यासक्रमात शिरल्या आणि तिथून चित्रकला शिकल्या. 1955 ला पदवी घेतली नि 1973 पर्यंत शाळांतून मुलांना कला शिकवली.

चित्रं काढली, पण ती लावायची कुठे? 1968 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने 1930 च्या दशकातल्या अमेरिकन कलेचं प्रदर्शन भरवलं. त्यात एकही काळा कलावंत नव्हता. फेथबाई निदर्शनात उतरल्या. 1970 ला बायांना निम्म्या जागा द्या म्हणून आंदोलन झालं. बायांनी संग्रहालयात शिट्ट्या फुंकल्या, जागोजागी अंडी ठेवली! त्या वर्षीच्या प्रदर्शनात बेट्ये सार आणि बार्बरा चेस-रिबू ह्या दोन काळ्या स्त्रियांना जागा मिळाली. मागितल्याशिवाय दार उघडत नाही, हे तुम्हा-आम्हाला कुणी वेगळं सांगायला नको.

आता विहारात बसून ऐकण्यासारखी गोष्ट सांगतो. 1972 साली त्यांनी ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात थांगका पाहिले. थांगका म्हणजे तिबेट-नेपाळकडची बौद्ध चित्रं. कापडावर काढलेली, कडेने भरजरी कापड शिवलेलं, भिक्खूंनी गुंडाळावीत नि गावोगाव न्यावीत अशी. बाईंना वाट सापडली. जड लाकडी चौकटी सुटल्या. त्या कापडावर रंगवू लागल्या आणि आई कडा शिवून देऊ लागली. चित्रं गुंडाळायची, ट्रंकेत भरायची नि कॉलेजा-कॉलेजांत प्रदर्शनाला पाठवायची!

1980 साली मायलेकींनी मिळून पहिली क्विल्ट केली. तिच्यावर हार्लेमच्या माणसांचे चेहरे रंगवले. पुढच्याच वर्षी आई वारली. आत्मचरित्र छापायला प्रकाशक मिळेना, तेव्हा बाईंनी गोष्टी क्विल्टवरच लिहायला घेतल्या. 1983 ची पहिली गोष्ट आन्ट जमायमाची. ह्या नावाच्या काळ्या मोलकरणीचं हसरं चित्र तिथल्या तयार पिठाच्या खोक्यावर असायचं. बाईंनी तिला स्वतःचा धंदा चालवणारी कर्तबगार बाई केलं. लोकांनी लावलेला शिक्का सुईने उसवून टाकला. आत्मचरित्रही अखेर 1995 ला निघालं.

शिकवणं मात्र शाळेपुरतं राहिलं नाही. 1971 साली त्यांनी न्यूयॉर्कच्या महिला तुरुंगासाठी मोठं चित्र काढलं. आधी तिथल्या बायांना विचारलं, तुम्हाला भिंतीवर काय पाहायचंय? मग बस चालवणारी, पोलिसातली, राष्ट्राध्यक्ष झालेली अशा बाया रंगवल्या. 2006 साली शहरातल्या 8 ते 19 वर्षांच्या मुलांना सोबत घेऊन शांतीची क्विल्ट केली. 2001 च्या हल्ल्यानंतर माणसं धर्मावरून एकमेकांकडे संशयाने बघत होती. अशा शहरात मुलांनी परस्परांशी बोलण्याचा विचार कापडावर मांडला. 2011 ला ती क्विल्ट मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लागली. खुद्द बाईंच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन न्यूयॉर्कमध्ये भरायला 2022 साल उजाडलं. तेव्हा वय होतं 91! एप्रिल 2024 मध्ये त्या गेल्या.

बंधू-भगिनींनो, हे सांगायचं कारण असं. आपल्या आया-आज्यांनी जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या वाकळी शिवल्या. त्यात कुणाचं बाळंतपण आहे, कुणाचा दुष्काळ, कुणाची गिरणीतली पहिली पगारवाढ आहे. आणि आपण काय करतो? म्हातारी गेली की वाकळ बोहारणीला देतो नि स्टीलचा डबा घेतो. आपला इतिहास दुसरा कुणी लिहीत नाही ही तक्रार खरी आहे. पण जो घरात शिवून ठेवलाय, तो तरी आपण जपू!

महिला मंडळाला आमची विनंती आहे. सुट्टीच्या दिवशी दोन तास विहारात सुई-दोरा घेऊन बसा. म्हाताऱ्यांनी टाका शिकवावा, पोरींनी आणि पोरांनीसुद्धा तो शिकावा. वाकळीच्या कोपऱ्यात शिवणारीचं नाव नि साल घाला. कुणी विकत मागितली, तर कष्टाचा हिशेब करून दाम सांगा, लाजू नका. आणि पुढच्या वर्धापनदिनी ह्याच भिंतीवर घरोघरच्या वाकळी टांगा. प्रत्येकीने आपल्या वाकळीपाशी उभं राहून तिची गोष्ट सांगावी. आम्ही खिळे ठोकायला नि दोऱ्या बांधायला हजर राहू.